गोळी तीच, नाव वेगळे

परदेशी जाणाऱ्या आपल्या माणसांनी डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्यांबाबत काय ध्यानात ठेवावे?

आमच्या वस्तीतल्या एक अक्का सरकारी दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षे राबल्या आणि निवृत्त झाल्या. मुलगी शिकली, कॉम्प्युटरच्या नोकरीत लागली, लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिचे बाळंतपण आले तेव्हा अक्कांनी पहिल्यांदा विमान पाहिले. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा ओवा, बाळाची कुंची आणि स्वतःच्या गुडघ्यांसाठी डोलो-६५० गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा घेतल्या होत्या.

तिथे थंडी कडाक्याची. दुसऱ्या आठवड्यात अक्कांना सर्दी झाली, अंग ठणकू लागले, गुडघे तर उचलेनात. सकाळी जावयांनी सर्दीच्या दोन कॅप्सूल दिल्या. डेक्विल असे त्यांचे नाव. अक्कांनी आपली डोलोही घेतली. गुडघा काही थांबेना. दुपारी मुलीच्या कपाटात पांढरी मोठी बाटली दिसली. ‘इथली गोळी इथल्या थंडीला लागू पडेल’ असे मनाशी म्हणत त्यांनी त्यातल्या दोन घेतल्या. संध्याकाळी पुन्हा डोलो, मग पुन्हा बाटलीतल्या दोन, झोपताना आणखी एक डोलो. बाळ रडत होते, मुलगी जागरणाने थकली होती. तिला उठवायचे कशाला, हा आईचा विचार.

रात्री मुलीच्या लक्षात आले.

“आई, दिवसभरात किती गोळ्या घेतल्यास?”

“अगं, आपल्या डोलोच्या तीनच. तुझ्या बाटलीतल्या चार घेतल्या, पण त्या वेगळ्या ना? त्या इथल्या.”

“आई, त्या वेगळ्या नाहीत गं! सगळं एकच औषध आहे!”

मुलीने कागदावर हिशेब मांडला. डोलोच्या तीन गोळ्या, म्हणजे १,९५० मिलिग्रॅम. बाटली टायलेनॉलची, ५०० ची गोळी. चार गोळ्यांचे २,०००. डेक्विलच्या दोन कॅप्सूलमध्ये ६५०. एकूण ४,६०० मिलिग्रॅम. आणि धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००! अक्का तर साठी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ.

अमेरिकेत विषबाधेची माहिती देणारी एक मोफत फोनसेवा आहे. मुलीने तिथे फोन लावला. त्यांनी वय, वजन, कोणती गोळी किती वाजता घेतली ते सारे विचारले आणि रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्यायला सांगितले. सुदैवाने यकृताला काही झाले नव्हते. पण ती रात्र त्या घराने कशी काढली हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

परत आल्यावर अक्का म्हणाल्या, “तीस वर्षं मी पेशंटला गोळ्या भरवल्या. पिवळी, लाल, पांढरी, सगळ्या ओळखीच्या. पण गोळीचं नाव वाचायला मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.”

वाचकहो, हे फक्त अक्कांचे नाही. आज आपल्या वस्तीतून कुणी आखातात वायरमन म्हणून जातो, कुणी बोटीवर जातो, कुणाची मुलगी लंडनमध्ये नर्स आहे, कुणी मंडळाच्या सहलीतून लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला जाऊन येतो. तिकिटाची, पासपोर्टची, खाण्याची काळजी आपण घेतो. डोके दुखले तर काय मागायचे, याचा विचार मात्र डोके दुखल्यावरच सुचतो.

माहेरचे नाव, सासरचे नाव

आपण मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, “क्रोसिन द्या,” “कॅलपॉल द्या,” “डोलो द्या.” ही झाली कंपन्यांनी ठेवलेली नावे. आतले औषध मात्र एकच, पॅरासिटामॉल. ताप उतरवणारे, डोकेदुखी-अंगदुखी कमी करणारे, आणि प्रमाणात घेतले तर बहुतेकांना मानवणारे.

हेच पॅरासिटामॉल अमेरिकेत मागितले तर सामान्य दुकानदार गोंधळून पाहील. कारण अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती. माहेरची शेवंता सासरी सुमन व्हायची, पण माणूस तेच. तसेच हे. या औषधाचे मूळ रासायनिक नाव फार लांबलचक आहे. त्यातली काही अक्षरे उचलून एकीकडे पॅरासिटामॉल हे नाव झाले, तर दुसरीकडे ॲसिटामिनोफेन.

देशोदेशीच्या कंपन्यांनी पुन्हा त्यावर आपापली नावे चढवली. अमेरिकेत १९५५ पासून टायलेनॉल, इंग्लंडमध्ये १९५६ पासून पॅनाडॉल. आज आखाती देशांत, श्रीलंकेत आणि ऑस्ट्रेलियात पॅनाडॉल हेच नाव सर्वांच्या तोंडी आहे. संयुक्त अरब अमिरातीत ॲडॉलही मिळते. फ्रान्समध्ये डोलिप्रान, इटलीत ताकिपिरिना, बांगलादेशात नापा. आणि आपल्या शेजारच्या नेपाळात सिटामोल! लुंबिनीला गेलेल्या माणसाने साध्या दुकानात “सिटामोल” म्हटले तरी काम होते.

ही सगळी नावे पाठ करणे कुणालाच शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. एक सोपी खूण सांगतो. ही इंग्रजी अक्षरे घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या:

पी-ए-आर-ए-सी-ई-टी-ए-एम-ओ-एल, म्हणजे पॅरासिटामॉल.

ए-सी-ई-टी-ए-एम-आय-एन-ओ-पी-एच-ई-एन, म्हणजे ॲसिटामिनोफेन.

आता दोन्ही नीट पाहा. दोन्हींत सहा अक्षरे ओळीने सारखीच आहेत: ए-सी-ई-टी-ए-एम. दुखण्याच्या, तापाच्या किंवा सर्दीच्या कोणत्याही खोक्यावर ही सहा अक्षरे सलग दिसली, की समजावे, यात आपली क्रोसिन आहे. अशी दोन खोकी एका वेळी उघडायची नाहीत. (फिट येण्याच्या काही गोळ्यांच्या नावातही ही अक्षरे असतात, पण त्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि दुखण्यासाठी नसतात.) अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या बाटलीवर कधी नुसते ए-पी-ए-पी असे लिहितात. तेही हेच औषध.

लपलेले पॅरासिटामॉल

अक्कांची चूक जेवढी डोलो-टायलेनॉलची, तेवढीच सर्दीच्या कॅप्सूलची. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक तयार औषधांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत तर फक्त ‘सर्दी’, ‘फ्लू’ असे छापलेले असते. अमेरिकेत डेक्विल व नायक्विल, इंग्लंडमध्ये गरम पाण्यात मिसळून प्यायची लेमसिपची पुडी, आपल्याकडची विक्स ॲक्शन ५००, या सर्वांत ते आहे. लेमसिपच्या जास्त ताकदीच्या एका पुडीत तर १,००० मिलिग्रॅम! म्हणजे आपल्या ५०० च्या दोन गोळ्या.

गोळीचा आकडाही देशागणिक बदलतो. अमेरिकेत ३२५, ५०० आणि ६५०, इंग्लंडमध्ये ५००, फ्रान्समध्ये १,००० ची गोळीही सर्रास. ‘एक गोळी’ असा हिशेब चालत नाही, मिलिग्रॅम मोजावे लागतात. मोठ्या निरोगी माणसाने दोन मात्रांत किमान चार ते सहा तास ठेवावेत आणि २४ तासांत ४,००० च्या वर जाऊ नये. अमेरिकेतल्या ५०० च्या टायलेनॉलवर तर दिवसाला सहाच गोळ्यांची, म्हणजे ३,००० ची मर्यादा छापलेली असते. वजन कमी असेल, काविळीचा किंवा यकृताचा आजार झालेला असेल, किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर मर्यादा याहून बरीच खाली येते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

इतकी कडक भाषा का, तर या औषधाचा अतिरेक फसवा असतो. जास्त गोळ्या पोटात गेल्या तरी पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसतो. फार तर मळमळते. यकृताची नासाडी मात्र आत सुरू झालेली असते. दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे होतात, तेव्हा वेळ निघून गेलेली असू शकते. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. म्हणून ‘बघू सकाळपर्यंत’ असे म्हणू नये. अक्कांच्या मुलीने रात्रीच फोन केला, तेच योग्य.

ब्रुफेन, ॲडव्हिल आणि नूरोफेन

दुसरी मोठी गोळी आयबुप्रोफेनची. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. १९६९ मध्ये ब्रुफेन नावाने ती चिठ्ठीवर मिळू लागली. १९८३ पासून इंग्लंडमध्ये नूरोफेन नावाने बिनचिठ्ठीची झाली आणि १९८४ पासून अमेरिकेत ॲडव्हिल नावाने. अक्षरे अशी: आय-बी-यू-पी-आर-ओ-एफ-ई-एन.

आपल्याकडे ब्रुफेन म्हटले की बहुधा ४०० ची गोळी. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी २०० ची. म्हणून ‘तिकडच्या गोळीत दम नाही’ असे म्हणत माणसे मूठभर गिळतात. तसे करू नये. खोक्यावर जेवढे लिहिले तेवढेच, आणि काहीतरी खाऊन. ज्यांना अल्सर आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ही घेऊ नये. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर भगिनींनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि आपली लाडकी कॉम्बिफ्लाम? तिच्यात आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असे दोन्ही असते. म्हणजे कॉम्बिफ्लाम घेतली की क्रोसिनही अर्धीमुर्धी पोटात गेली आणि ब्रुफेनही. इंग्लंडमध्ये अशा जोडगोळीला न्यूरोमोल म्हणतात. अमेरिकेत २०२० साली ॲडव्हिलची जोडगोळी मंजूर झाली. प्रमाणे मात्र वेगळी आहेत.

थायलंड, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर या भागांत डेंग्यूचे डास आहेत. तिथे ताप आला तर ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन (आपली डिस्प्रिन) घेऊ नये. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि रक्ताची तपासणी. मुलांना तर ॲस्पिरिन कुठल्याही देशात डॉक्टरांवाचून देऊ नये.

आपल्याकडे मिळते, तिकडे नाही

काही गोळ्या आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या साऱ्या जगात असतील असे वाटते. निमेसुलाइड घ्या. ‘नाइस’ म्हणून ती घरोघरी असे. अमेरिकेत या औषधाला कधी मंजुरीच मिळालेली नाही. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे आयर्लंडने २००७ मध्ये ती बाजारातून काढली. आपल्या देशातही २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ती द्यायची नाही. ॲनाल्जिनचेही तसेच. अमेरिकेने ते १९७७ मध्येच बंद केले. भारतात २०१३ साली बंदी आली, पुढच्या वर्षी अटी घालून ती उठली. डायक्लोफेनॅकची गोळी, म्हणजे आपली व्होव्हेरान, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मात्र तिचे मलम मिळते. अमेरिकेत व्होल्टारेन आणि इंग्लंडमध्ये व्होल्टारॉल या नावाने.

गुडघे-कंबरदुखीच्या म्हाताऱ्या माणसांना मलमच बरे. पोटाला त्रास कमी. आपला पिवळा अमृतांजनचा डबा १८९३ साली मुंबईत जन्मला. तो बॅगेत असावाच. नसला तरी सिंगापूर-थायलंडमध्ये टायगर बाम आणि जपानमध्ये चिकटवायच्या सालोनपासच्या पट्ट्या सहज मिळतात.

दुकानांचे नियमही निराळे. इंग्लंडमध्ये १९९८ पासून किराणा दुकानात पॅरासिटामॉलच्या एका खोक्यात १६ च गोळ्या, औषधाच्या दुकानात ३२. जर्मनीत ती किराणा दुकानात मिळतच नाही; लाल ‘ए’ अक्षराची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानातच जावे लागते. फ्रान्समध्ये २०२० पासून ती फळीवरून उचलता येत नाही, मागून घ्यावी लागते. अमेरिकेत उलट. किराण्याच्या दुकानातही औषधांची भिंतच्या भिंत उभी असते आणि सांगायला कुणी नसते. तिथे प्रत्येक खोक्याच्या मागे ‘ड्रग फॅक्ट्स’ नावाचा चौकोन असतो. त्याची पहिली ओळ म्हणजे ‘ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट’, अर्थात आतले खरे औषध. पुढची रंगीत जाहिरात सोडा, ही ओळ वाचा. पैसेही वाचतील. त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाचे साधे खोके घेतले, तरी त्यात तेच औषध असते आणि किंमत नामांकित गोळीपेक्षा कमी.

एक आणखी सांगायचे. नावापुढे ‘पीएम’ किंवा ‘नाइट’ लिहिलेली गोळी दिवसा घेऊ नये. त्यात बहुधा झोपेचे औषध मिसळलेले असते. बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजीने किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाने तर मुळीच नाही.

आखातात जाणाऱ्यांनो, सावधान

इथवर प्रकृतीची गोष्ट झाली. आखाती देशांत कायद्याचीही आहे, आणि ती हलक्याने घेऊ नये. तिकडे खसखस नेऊ नये हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. गोळ्यांचे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ट्रामाडॉल आणि कोडीन या दोन वेदनाशामक औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथल्या सरकारची आगाऊ ऑनलाइन परवानगी नसताना ती बॅगेत सापडली, तर माणूस अडकू शकतो. नोकरी जाते, ती वेगळीच. शेजारच्या आखाती देशांतही या औषधांकडे नशेचा पदार्थ म्हणूनच पाहतात. आपल्या देशातही २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे.

ही नावे स्ट्रिपवर बारीक असतात. अल्ट्रासेटमध्ये पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक स्ट्रिप नि बाटली मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना दाखवा आणि स्पष्ट विचारा, “यात ट्रामाडॉल किंवा कोडीन आहे का?” आणि ‘माझ्या भावाला एवढ्या गोळ्या नेऊन द्या’ म्हणून कुणी पुडी दिली, तर ती माणुसकीच्या नात्यानेही नेऊ नका. विमानतळावर ती पुडी तुमची असते, भावाची नसते.

उन्हात काम करणाऱ्या आपल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे, इतके ते ऊन. घामाने शरीरातले पाणी जाते, स्नायू दुखतात, आणि पोरे रोज रात्री ब्रुफेन किंवा व्होव्हेरान घेऊन झोपतात. शरीर सुकलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. आधी पाणी, मीठ-साखरेचे पाणी, विश्रांती. मग गरज पडली तर पॅरासिटामॉल. लघवी गडद किंवा कमी होत असेल, तर गोळी नव्हे, डॉक्टर.

कापलेली स्ट्रिप नको

आपल्या वस्त्यांत औषध घेण्याची एक जुनी रीत आहे. खिशात दहा रुपये असतात, म्हणून आपण दोन-चार गोळ्याच मागतो. मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून देतो. नेमके नाव कापून त्याच्याकडे राहते आणि आपल्या हाती नुसती चकचकीत पट्टी येते. घरी आपण तिला ‘पांढरी गोळी’ म्हणतो. परदेशी जाताना ही रीत चालणार नाही. बिननावाची गोळी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटते आणि दुखणे वाढले तर तिकडच्या डॉक्टरलाही काही सांगू शकत नाही.

अख्खी स्ट्रिप घ्यावी. जनऔषधी केंद्रातून घेतली तर आणखी चांगले. स्वस्त पडते, आणि तिच्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नावच ठळक असते. ते नाव जगातला कुठलाही फार्मासिस्ट वाचू शकतो. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांकडून मूळ नावांनिशी इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्यावी. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. मोठी बॅग कधी मागे राहते.

नातवंडांना औषध देणाऱ्या आजी-आजोबांनी तर जास्तच जपावे. बाळाच्या पॅरासिटामॉलची ताकद देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेत ५ मिलीत १६० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये लहान बाळांच्या कॅलपॉलमध्ये ५ मिलीत १२०, मोठ्या मुलांच्यात २५०. आपल्याकडचे थेंबाचे औषध तर कितीतरी दाट. म्हणून भारतातून नेलेल्या बाटलीचा चमचा तिकडच्या बाटलीला लावू नये, आणि घरच्या चमच्याने तर मोजूच नये. बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे.

आणि निघण्याआधी प्रवासाचा विमा काढावा. परदेशातली साधी रक्ततपासणीही आपल्या खिशाला जड जाते, हे अक्कांच्या जावयांना विचारा.

कापून पासपोर्टमध्ये ठेवा

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो – पॅरासिटामॉल. अमेरिकेत टायलेनॉल, आखात, श्रीलंका, ऑस्ट्रेलियात पॅनाडॉल, नेपाळात सिटामोल.

ब्रुफेन – आयबुप्रोफेन. अमेरिकेत ॲडव्हिल, इंग्लंडमध्ये नूरोफेन.

कॉम्बिफ्लाम – वरची दोन्ही एकत्र.

डिस्प्रिन – ॲस्पिरिन. डेंग्यूची शंका असेल तर नको, मुलांना नको.

अल्ट्रासेट, कोडीनचे खोकल्याचे औषध – परवानगीशिवाय आखातात नेऊ नका.

गोळी जास्त झाली किंवा प्रकृती अचानक बिघडली तर फोन: अमेरिका ९११ (विषबाधेची माहिती १-८००-२२२-१२२२), इंग्लंड ९९९, युरोप ११२, अमिराती ९९८, थायलंड १६६९, जपान ११९, श्रीलंका १९९०, नेपाळ १०२.

अक्का पुढच्या वर्षी पुन्हा अमेरिकेला जाणार आहेत. नात आता चालू लागली आहे. परवा त्यांच्या घरी गेलो तर फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. नातवाच्या वहीतला, रेघांचा. त्यावर अक्कांनी स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या पण ठसठशीत अक्षरांत सहा इंग्रजी अक्षरे लिहिली होती: ए-सी-ई-टी-ए-एम.

“एवढी अक्षरं मला आता झोपेतही वाचता येतात,” अक्का म्हणाल्या. मग डब्यातली सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून, चष्मा लावून, त्यांनी अक्षरावर बोट ठेवत मला दाखवले, “हे बघा, यातही आहे!”